सोळा आण्यांपासून एक रुपयापर्यंत
आज्याच्या काळी पीक बुडालं की गावाची आणेवारी निघायची. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. फारच घसरलं तर शेतसारा तहकूब. पुढं तिचीच पैसेवारी झाली. १९८५ च्या खरिपात पीक विमा आला, तो पीककर्ज काढणाऱ्यालाच. १९९९ च्या रब्बीपासून बिगरकर्जदारालाही दार उघडलं. २०१६ ला खरिपाचा हप्ता दोन टक्के ठरला. २०२३ ला राज्यानं तो एक रुपयावर आणला, २०२५ ला ती सवलत काढली. हप्ता बदलला, पण पीक कापणी प्रयोग मंडळातल्या मोजक्याच वावरांत, अन् सरासरी सगळ्यांच्या माथी. पाऊस तर बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं. कोरड्या वावराच्या धन्याला सरासरी पुरत नाही.