सरगावची बर्नादेत

रांचीत एचईसी कारखान्याच्या कॉलनीत आम्ही लहानाचे मोठे झालो. बाबा कारखान्यात, आई घरी, आणि दुपारी आमच्या व्हरांड्यात शेजारची उरांव आदिवासी आजी. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. खडे वेचता वेचता ती सादरी बोलीत गोष्टी सांगायची. तिच्या आईच्या कपाळावर गोंदणाच्या तीन उभ्या रेघा होत्या. आजीचं कपाळ कोरं होतं, कारण तिच्या जन्माआधीच घर ख्रिस्ती झालं होतं.

जमीनदारांची बेठबेगारी, खोटे कागद, कचेरीचे हेलपाटे हे तिनं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं. त्यात फादर लीवन्स हमखास यायचे. हा बेल्जियमचा जेझुइट 1885 मध्ये तोरप्याला आला, आदिवासींचा जमिनीचा रिवाज आणि सरकारचा कायदा दोन्ही शिकला आणि रयतेचे खटले लढवू लागला. गावंच्या गावं त्याच्यामागे गेली. क्षयानं खंगून तो मायदेशी परतला आणि 1893 मध्ये वारला. शंभर वर्षांनी त्याच्या अस्थी रांचीच्या कॅथेड्रलमध्ये आणल्या गेल्या. छोटानागपूर पठारावरच्या चर्चचा इतिहास म्हटला की हे नाव पहिलं निघतं, आणि ते रास्तही आहे.

आजीचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत होता. मांडरजवळच्या सरगावची बर्नादेत किस्पोट्टा 1878 मध्ये जन्मली. लोरेटो संघाच्या सिस्टर 1890 मध्ये रांचीला आल्या, त्यांच्या शाळेत ही शिकायला गेली. तिथं तिच्यासह चार मुलींच्या मनानं घेतलं की लग्न करायचं नाही, सिस्टर व्हायचं. बाकी तिघी सिसिलिया, वेरोनिका आणि मेरी.

हे ऐकताना मला त्यात मोठं काही वाटायचं नाही. आजीनं एका दुपारी हिशोब उलगडून दाखवला. उरांवांत मुलगी सासरी जाते तेव्हा वरपक्ष डाली, म्हणजे वधूमूल्य, देतो. घरातले राबते हात गेले तरी बदल्यात काही येतं, नातं जुळतं, गावात मान राहतो. सिस्टर होणाऱ्या मुलीचे हात जातात आणि येत काहीच नाही. शिवाय जन्मभर बिनलग्नाची बाई कुणी पाहिलेलीच नव्हती. घरचे चिडले ते दुष्ट होते म्हणून नाही, हे आजी आवर्जून सांगायची. बापाची बाजू मांडताना तिचा हात सुपात थांबायचा.

चर्चचं मन वळवणंही सोपं नव्हतं. जंगलातल्या गावांतून आलेल्या, नव्यानं ख्रिस्ती झालेल्या घरांच्या पोरी आजन्म व्रत पाळतील याची खात्री कुणाला होती? रांची तेव्हा कलकत्त्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होती. आर्चबिशप पॉल गोथल्स यांनी अखेर होकार दिला आणि 26 जुलै 1897 रोजी, संत अ‍ॅनाच्या सणाला, ‘संत अ‍ॅनाच्या कन्या’ हा संघ उभा राहिला. मिशन आलं, शाळा आली, तसा हा संघही वरूनच आला असं समजलं जातं. मला ते पटत नाही. मागणी या मुलींची होती. घर आणि चर्च दोघांनीही ज्याची कल्पना केली नव्हती ते त्यांनी मागितलं. बर्नादेत तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

काळही साधा नव्हता. तेच साल दुष्काळाचं. दोन वर्षांनी, 1899 च्या नाताळात, बिरसा मुंडाच्या उलगुलानातले, म्हणजे उठावातले, बाण मिशनच्या आवारातही येऊन पडले. 1903 मध्ये लोरेटोच्या जागी उर्सुलाइन संघाच्या सिस्टर आल्या. या उरांव बायका मात्र तिथल्याच होत्या, त्या तिथंच राहिल्या. रोपणी-कापणीला हात लावायचा, पायी गावं फिरायची, दुखणाईताच्या उशाशी बसायचं, पोरींना अक्षर शिकवायचं. आजी अशाच एका सिस्टरकडून बाराखडी शिकली. नाव लिहिताना ती पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या पानावर उमटायचं.

माता बर्नादेत 16 एप्रिल 1961 रोजी वारली. 2016 मध्ये तिला ‘देवाची सेविका’ म्हणून जाहीर करण्यात आलं. संतपदाच्या वाटेवरची ती पहिली पायरी. तोवर आजी गेली होती. आज संघाच्या शाळा आणि दवाखाने झारखंडाबाहेरही आहेत.

धर्मगुरूंची पत्रं, अहवाल, तारखा दप्तरात नीट जपलेल्या असतात. चार पोरी घरी काय बोलल्या, आई किती रडली, गावानं काय ठरवलं हे मात्र उरांवांच्या कुडुख भाषेत आणि सादरीत, सुपातल्या तांदळाबरोबर वेचलं गेलं. मांडरच्या गावांत अजून ऐंशी-नव्वदीच्या बाया आहेत, त्यांनी हे आपापल्या आज्यांकडून ऐकलेलं असणार. कुडुख येणाऱ्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसून ते उतरवून घ्यायला हवं, आणि तेही लवकर.