बालाघाट-राजनांदगावहून जुनी गाडी घेताय? एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका

गोंदिया : बालाघाट जवळच, राजनांदगावही फार लांब नाही. तिकडच्या डीलरकडे गाडी स्वस्त वाटली की लोक सौदा करून मोकळे होतात. खरा खर्च नंतर कळतो.

परराज्यातली गाडी नावावर करायला तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते, तीही गोंदियाच्या, म्हणजे एमएच-३५ च्या नावाने. गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्सचा बोजा उतरवून घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म ३५. चलान थकलं असेल तर एनओसी अडकू शकते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून हे डीलरसमोरच बघा. गाडीवरचा चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा.

‘कागदं मागाहून पाठवतो,’ असं डीलर म्हणतो, फसगत इथेच होते. आरसीवरचा मालक सापडला नाही तर फॉर्म २९, ३० वर सही कोण करणार? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते मागायला लाजू नका.

महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार इथे पुन्हा भरावा लागतो. तिकडे भरलेल्यातला उरलेला कर त्याच राज्याकडे मागायचा, पण तो नंतर. म्हणून ही रक्कम किमतीत धरूनच भाव करा. परराज्याचा नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. विमा मात्र १४ दिवसांतच नावावर करायला टाका.