सतरा इंची चाकांची कुळकथा

मोटारसायकलची एक अख्खी जात टीव्हीच्या कार्यक्रमातून जन्माला आली. 1979 साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स'साठी गॅव्हिन ट्रिप या मूळच्या इंग्रज आयोजकाने एक शर्यत रचली. प्रश्न कट्ट्यावरचाच होता: डांबरावर रेस मारणारा, मातीच्या लंबगोल ट्रॅकवर गाडी आडवी घालणारा आणि मोटोक्रॉसच्या उड्या मारणारा, या तिघांत भारी कोण? कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला डांबर, माती आणि उड्या एकाच ट्रॅकवर आणल्या. नाव ठेवलं 'सुपरबाइकर्स'. केनी रॉबर्ट्ससारखा 500 सीसी रोड रेसिंगचा जगज्जेता उतरला. पहिल्या वर्षी बाजी मारली मोटोक्रॉसच्या केंट हॉवर्टनने.

खरी पंचाईत गाडीची होती. रोड रेसिंगची गाडी उडीत मोडणार, मातीची गाडी डांबरावर घसरणार. मग स्वारांनी मातीचीच हलकी गाडी घेतली आणि तिचे टायर बदलले. याच जातीला पुढे सुपरमोटो म्हणू लागले; तिचं मूळ एवढंच.

अमेरिकेत हा कार्यक्रम 1985 नंतर बंद पडला. त्या शेवटच्या वर्षीचा विजेता एडी लॉसन, तोही 500 सीसीचा जगज्जेता. पण तोवर युरोपातले स्वार ही कल्पना घरी घेऊन गेले होते. फ्रान्सने ती उचलून धरली आणि गॅरेजवाल्यांनी रस्त्यावर आणली.

मातीच्या गाडीचं पुढचं चाक 21 इंची, अरुंद. मागचं 18 किंवा 19. या मापात डांबर घट्ट धरणारे रुंद टायर मिळत नाहीत. म्हणून दोन्हीकडे 17 इंची रिम, पुढे 120, मागे 150-160 मिलिमीटर रुंदीचा टायर. पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त लहान झाल्याने गाडी पुढून खाली बसते, फोर्क उभा होतो आणि हँडल चटकन वळतं. पकड वाढली की ब्रेकही तोलामोलाचा हवा. त्यासाठी 320 मिलिमीटरची डिस्क आणि कॅलिपर सरकवायला ब्रॅकेट. मऊ फोर्क ब्रेक दाबताच गुडघे टेकतो, म्हणून तो कडक करायचा. मोटोक्रॉसची गिअरिंग डांबरावर लगेच संपते. तेव्हा स्प्रॉकेट बदलायचे. एक गोष्ट हौशी मंडळी हमखास विसरतात: रस्त्यावरच्या गाडीच्या मागच्या हबमध्ये चेनचे झटके सोसणारे रबर असतात. मोटोक्रॉसच्या हबमध्ये ते नसतात, आणि ते झटके थेट गिअरबॉक्सला बसतात. रिमच्या रंगावर पैसे उधळण्यापेक्षा रबरवाला हब घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

कारखाने मागाहून आले. 2002 साली सुपरमोटोची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सुझुकीची डीआर-झेड 400 एसएम, डुकाटीची हायपरमोटार्ड त्यानंतरच्या.

आपल्याकडे हिरो एक्सपल्सला, जिची चाकं मुळात 21 आणि 18 इंची, सतरा इंची चाकं घालायची हौस दिसते. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. नुसत्या ट्रॅकसाठी विकलेल्या गाडीची तर नोंदणीच होत नाही. तेव्हा रिमची ऑर्डर देण्याआधी आरटीओत जाऊन विचारून या.