वजाबाकीचे नृत्य : चंद्रलेखा आणि त्यांचा समूह

चंद्रलेखा यांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ रोजी वाडा येथे झाला. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. आपल्याला ते ठाऊक असते ते वाडा कोलम तांदळामुळे. ज्यांच्यावाचून भारतातल्या आधुनिक नृत्याचा इतिहास पुरा होत नाही अशी एक बाई तिथे जन्मली, याची आठवण मराठीत फारशी कोणी काढत नाही. कारणे उघड आहेत. घर गुजराती, कर्मभूमी मद्रास, आणि त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत. त्यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुस्तम भरुचा यांचे १९९५ मधले पुस्तक. पुढच्या सगळ्यांनी, प्रस्तुत लेखकासह, त्याच्याच उजेडात चाचपडत वाट काढली आहे.

चंद्रलेखांच्या समूहाची ओळख एका वाक्यात करून देण्याची पद्धत पडून गेली आहे : भरतनाट्यम, योग आणि कलरिपयट्टू यांचा संगम. वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून बेरजेचा भास होतो. तीन परंपरा घेतल्या, एकत्र घोटल्या आणि काहीतरी नवे निघाले, असा. माझे म्हणणे उलट आहे. या समूहाची शैली वजाबाकीने घडली. चंद्रलेखांनी काय घेतले यापेक्षा काय काढून टाकले, कोणत्या क्रमाने काढले आणि त्यासाठी किती वर्षे थांबल्या, हे पाहिले तर त्यांचे काम उलगडते.

काय काढले हे कळण्यासाठी आधी काय होते ते पाहावे लागेल, आणि इथे एक मराठी धागा हाती येतो. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज सर्वत्र दिसतो, तो बसवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते. तंजावरचे हे बंधू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या मराठा दरबाराच्या आश्रयाला होते. गादीवर सरफोजीराजे दुसरे. त्यांच्या दरबारात नाचासाठी मराठीत रचलेली निरूपणेही उपलब्ध आहेत. म्हणजे जी चौकट चंद्रलेखांनी पुढे मोडली ती उभी राहताना मराठी बोल तिथे घुमत होते. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून अभिमान काढण्याचे कारण नाही. पण जी चौकट आज अनादि मानली जाते तिचे वय दोनशे वर्षे आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

विसाव्या शतकात या चौकटीवर पहिली मोठी वजाबाकी झाली. देवदासी घराण्यांकडून हे नृत्य ब्राह्मण व उच्चभ्रू घरांतल्या मुलींकडे गेले. १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यातला उघड शृंगार बाजूला केला आणि भक्ती पुढे आणली. रंगमंचावर नटराजाची मूर्ती आली, वेशभूषा नव्याने आखली गेली. देवदासी परंपरेतल्या बालसरस्वती यांना हे मान्य नव्हते. शृंगार हाच या नृत्याचा प्राण आहे, तो शुद्ध करायला मुळात अशुद्ध नव्हताच, अशी त्यांची भूमिका होती. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कलेला मान मिळाला आणि ती ज्यांची होती त्या बायका मागे पडल्या.

कायद्याचे शिक्षण सोडून चंद्रलेखा मद्रासला आल्या त्या याच काळात. गुरू लाभले कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै. बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी, दोघींचाही प्रभाव त्यांच्यावर होता. १९५२ मध्ये त्यांचे अरंगेत्रम झाले. त्याची हकिगत पुष्कळदा सांगितली जाते. कार्यक्रम रायलसीमेतल्या दुष्काळनिधीसाठी होता आणि त्यात त्या 'मथुरा नगरीलो' ही रचना करत होत्या. यमुना, गोपी, जलक्रीडा असा तिचा विषय. पाण्याच्या मुद्रा करता करता बाहेर लोकांना प्यायला पाणी नाही हे त्यांच्या ध्यानात आले आणि कला व जीवन यांतली फट एकदम उघडी पडली.

प्रसंग खरा आहे, त्या स्वतःच तो सांगत. पण त्यावर फार भार टाकला जातो असे मला वाटते. या साक्षात्कारानंतर त्यांनी नृत्य सोडले नाही. साठच्या दशकाच्या आरंभी 'देवदासी' आणि १९७२ मध्ये 'नवग्रह' या रचना त्यांनी केल्या. मग जवळजवळ बारा वर्षे मोठी रचना नाही. इतिहासकाराने थांबायचे ते इथे. या वर्षांत त्या भित्तिचित्रे काढत होत्या, रेशीम-छपाईची शिबिरे घेत होत्या, स्त्रीचळवळीत आणि मानवी हक्कांच्या कामात होत्या. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'काली फॉर विमेन' या स्त्रीवादी प्रकाशनगृहाचे बोधचिन्ह त्यांनीच काढलेले आहे. भित्तिचित्र करणाऱ्याला एक गोष्ट लवकर समजते : रस्त्यावरून चालणारा माणूस दोन क्षण पाहणार, तेवढ्यात रेषा पोचली पाहिजे. जे अनावश्यक ते आधीच खोडायचे. पुढच्या नृत्यरचनांतली काटकसर मला दुष्काळनिधीच्या रंगमंचावर नव्हे, या छपाईच्या टेबलावर सापडते.

१९८४ च्या जानेवारीत मुंबईत मॅक्समुल्लर भवन आणि एनसीपीए यांनी पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरवला. चंद्रलेखांचे पुनरागमन झाले ते तिथे. पुढच्याच वर्षी 'अंगिका' आली. नावाकडे नीट पाहा. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. चंद्रलेखांनी शीर्षकासाठी त्यांतला एकच उचलला. उरलेल्या तिघांना किती कात्री लागणार हे नावातच सांगून टाकले. दागिन्यांचा भार गेला, देवांच्या गोष्टी गेल्या, नायकाची वाट पाहणारी नायिका गेली, चेहऱ्यावरचे गोड हसू तर सगळ्यांत आधी गेले. नर्तिका तालमीला नेसाव्या तशा साध्या, चापून नेसलेल्या साड्यांत उभ्या राहिल्या.

एवढे काढल्यावर उरले काय? उरली बैठक. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून, टाचा जुळवून, पाठ ताठ ठेवून घेतलेली अर्धी बैठक, तमिळमध्ये अरैमंडी. नेहमीच्या कार्यक्रमात ती प्रस्थानाची जागा असते. तिच्यावर उभे राहून नर्तकी पुढचे सांगते. चंद्रलेखांनी तिलाच विषय केले. त्या तिला मंडल म्हणत. मांड्यांनी बनणारा चौकोन, हातांनी पडणारे त्रिकोण, कण्याचा उभा अक्ष आणि त्याभोवतीचे वर्तुळ. मग प्रश्न येतो की ही भूमिती फक्त भरतनाट्यमची आहे काय? केरळच्या कळरीत लढवय्या जमिनीलगत खाली बसतो ती बैठक आणि योगासनातली बैठक तिच्याच नात्यातल्या निघतात. तीन परंपरा एकत्र आल्या त्या अशा. वरचे थर खरवडल्यावर तळाशी तिन्हींची जमीन एक लागली. निदान चंद्रलेखांचा दावा तसा होता. इतिहास म्हणून तो सिद्ध करणे कठीण आहे, पण रंगमंचावर तो पटतो. कळरीत तयार झालेले पुरुष आणि भरतनाट्यमच्या नर्तिका शेजारी-शेजारी त्याच उंचीवर बसतात तेव्हा कोणी कोणाकडून उसने घेतल्यासारखे दिसत नाही.

समूहाला मी सोयीसाठी कंपनी म्हणू शकलो असतो, पण पाश्चात्त्य अर्थाने ती कंपनी नव्हती. मद्रासच्या एलियट्स बीचवरचे चंद्रलेखांचे घर, तिथला 'मंडल' हा रंगमंच, चित्रकार-अभिकल्पक दशरथ पटेल, प्रकाशयोजना करणारे पत्रकार सदानंद मेनन आणि येत-जात राहणारे नर्तक, हा सगळा संसार.

१९८९ ची 'लीलावती' आपल्याला अधिक जवळची वाटायला हवी. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे आणि तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. 'लीलावती'तली गणिते मुळातच नाचरी आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला आहे. दोघे सारखेच अंतर कापतात, तर मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठील? उत्तर बारा. काटकोन त्रिकोणाचे हे उदाहरण डोळ्यांसमोर हालचाल म्हणून उभे राहते. गणिताच्या पुस्तकावर नृत्य बसवण्याची कल्पना विक्षिप्त वाटली तरी चंद्रलेखांच्या वाटेवर ती सरळच होती. देवादिकांच्या कथा काढल्यावर शब्द कुठून आणायचे, या प्रश्नाला त्यांनी भास्कराचार्य हे उत्तर शोधले. या ग्रंथात बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित असे सुरेख शब्द आहेत. त्यांतला दुसरा चंद्रलेखांच्या एकूण कामाला शोभला असता.

'श्री' ही नव्वदीच्या आरंभीची रचना. तिच्यात बायका कणा मोडल्यासारख्या, कमरेत वाकून रंगमंचावरून चालत जातात. कोणी मारत नाही, कोणी रडत नाही, एकही खलपुरुष नाही. फक्त पाठीचा कोन बदललेला आहे. तोच कणा पुढे ताठ होतो आणि एकामागे एक उभ्या राहिलेल्या नर्तिकांच्या हातांतून बहुभुजा देवी साकारते. स्त्रीप्रश्नावरची पथनाट्ये त्या काळी महाराष्ट्रात गावोगाव होत होती, त्यांचे मोल कमी नाही. पण त्यांत जे संवाद सांगत ते इथे एका सांध्याच्या वाकण्यात येते.

२००१ ची 'शरीर' ही शेवटची रचना. दोनच माणसे : कवयित्री तिशानी दोशी, ज्यांनी नृत्याचे शिक्षण घेतलेले नव्हते, आणि कळरीत तयार झालेले शाजी जॉन. सोबत गुंदेचा बंधूंचे ध्रुपद. आता भरतनाट्यमचे पाऊलही गेले. पाय इतक्या सावकाश उघडतात की प्रेक्षकाला आधी कंटाळा येतो, मग संकोच वाटतो आणि नंतर तो स्वतःचा श्वास मोजू लागतो. रुक्मिणीदेवींनी जो शृंगार वगळला होता तो इथे परत आला, पण बालसरस्वतींच्या वाटेने नाही. डोळे, पदे, विरह, प्रियकर यांपैकी काहीच नाही.

आणि इथेच मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. चंद्रलेखांनी जे काढले त्यात अभिनय होता, आणि तो देवदासी घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा होता. एका पदाची एकच ओळ बालसरस्वती नाना तऱ्हांनी खुलवत, ते नायिकेचे रडगाणे नव्हते. बाईच्या मनाचे सखोल ज्ञान त्यात होते. रुक्मिणीदेवींनी त्याला सोवळे नेसवले, चंद्रलेखांनी दाराबाहेर ठेवले. दोघींचे हेतू परस्परविरुद्ध होते, पण त्या घराण्यांच्या बाजूने हिशेब मांडला तर दोन्ही वेळा खर्ची पडले ते त्यांचेच धन. शक्ती, तंत्र, प्राचीन शरीरज्ञान यांविषयी चंद्रलेखा जे बोलत त्यातही तो प्राचीन भूतकाळ जरा फारच निर्मळ भासतो. नर्तिकेच्या मांडीत जो संशय आणि ताण दिसतो, तो या बोलण्यात उतरत नाही.

तरीही या समूहाने भारतीय रंगमंचाला जे दिले ते देणारे दुसरे कोणी तेव्हा नव्हते. संगीत नाटक अकादमीने १९९१ मध्ये त्यांना पुरस्कार दिला. जर्मनीच्या पिना बाउश यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. बाउश नर्तकांना प्रश्न विचारून त्यांच्या आठवणींतून रचना बांधत, चंद्रलेखांच्या रंगमंचावर खासगी आठवणीला जागा नव्हती. मैत्री टिकली हे विशेष.

३० डिसेंबर २००६ रोजी चंद्रलेखा गेल्या. अडवूंची परंपरा गुरूंकडून शिष्याकडे जाते, कारण तिला नावे, बोल आणि मोजमाप आहे. पाय किती सावकाश उघडायचा याला बोल नाही. 'शरीर'चे प्रयोग पुढेही काही वर्षे त्याच दोघांनी केले, कारण ती गती त्यांच्याच अंगात होती. १९९१ ते २००१ या काळात समूहात नाचलेल्या पद्मिनी चेत्तूर यांनी चेन्नईत स्वतःचे काम उभे केले. त्यांच्या रचनांत देवी नाही, मंडलाचे तत्त्वज्ञान नाही, पुष्कळदा संगीताचा आधारही नाही. खांदा, मान, टाच यांची एकेक हालचाल सुटी करून समोर ठेवलेली असते. चंद्रलेखांनी जे शिल्लक ठेवले होते, त्यातूनही त्यांनी आणखी वजा केले आहे.