'आढळला नाही' म्हणजे काय?

गटातल्या एका ताईंनी (नाव विचारू नका) रिपोर्ट पुढे केला. व्हायरल लोड: विषाणू आढळला नाही. म्हणाल्या, "मग आता गोळ्या बंद करू ना?"

या शब्दांमागे बराच इतिहास आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटी हे पहिलं औषध आलं. पण ते एकटं पुरं पडेना. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देऊ लागले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली. तीच आपली एआरटी. आपल्या सरकारनं ती १ एप्रिल २००४ पासून मोफत सुरू केली. तेव्हा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेला की बहुतेकांना गोळ्या मिळत. म्हणजे खंगेपर्यंत वाट बघा! पुढे ही अट सैल होत गेली. २०१७ पासून आकडा कितीही असो, एचआयव्ही निघाला की उपचार सुरू.

व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती, त्याचं माप. 'आढळला नाही' म्हणजे गोळ्यांनी तो इतका दाबला, की यंत्रालाही सापडत नाही. पेशींत तो दडून असतोच. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत परत वाढतो.

ताईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "नऊची गोळी असते," म्हणाल्या, "निघते मी."