आधी मुलगे, मग मुली

देवळीहून तुमच्या गटाची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एकाच ताईचे दोन कर्जअर्ज आले. एक मुलाच्या आयटीआयच्या फीसाठी, दुसरा मुलीच्या वर्ध्याच्या कॉलेजसाठी. गटाकडे शिल्लक एकापुरतीच होती. ताई म्हणाली, "आधी मुलाचं होऊ द्या, मुलीचं पुढच्या वर्षी पाहू." कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. पण घरी येताना आठवलं, हाच वाद शंभर वर्षांपूर्वी पुण्यात झाला होता, आणि त्यात एका बाजूला होते लोकमान्य टिळक.

टिळकांना आपण शाळेपासून ओळखतो. 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात ते राहिले. ते ऋण मान्यच आहे. पण बायकांच्या प्रश्नावर त्यांचं मत काय होतं, हेही माहीत असावं.

कोलकात्याची फुलमणी दहा-अकरा वर्षांची होती. नवऱ्याच्या जबरदस्तीने तिचा जीव गेला. त्यानंतर १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा झालं. फक्त बारा! तरी टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात, धर्मात कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी, असं त्यांचं म्हणणं. सोळा वर्षांआधी मुलीचं लग्न करू नये, अशी शपथ सुधारकांनी स्वतःच घ्यावी, असंही त्यांनी सुचवलं होतं. म्हणजे बालविवाह त्यांना चांगला वाटत होता असं नाही. पण समाज सुधारेपर्यंत त्या मुलीने काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"आमच्या घरातलं आम्ही पाहू" हे बोलणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत जॉन कॅल्हून नावाचे पुढारी होते, तिथले उपराष्ट्राध्यक्षही झाले. आमच्या राज्यांच्या कारभारात केंद्राने पडू नये, हा त्यांचा आग्रह. तो हक्क कशासाठी? तर गुलाम ठेवण्यासाठी. १८३७ साली त्यांनी सभागृहात गुलामगिरीला चक्क हितकारक म्हटलं. तिकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या गुलाम बाईला मात्र कुणी विचारलं नाही. टिळक आणि कॅल्हून यांना एका पारड्यात तोलायचं नाही. टिळकांनी गुलामगिरीची बाजू घेतलेली नाही. पण एक गोष्ट सारखी दिसते. बाहेरच्याकडे हक्क मागणारा माणूस घरातल्या दुबळ्याचा हक्क विसरू शकतो. आपल्या जोतीरावांना हे दिसलं होतं. म्हणूनच १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं.

आता पुण्याचा वाद. १९२० च्या सुमारास नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा थोडा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांसाठी करा, मुलींचं नंतर पाहू, असं टिळकांच्या बाजूचं म्हणणं. रमाबाई रानडे पुढे झाल्या आणि पुण्याच्या बायका मुलींच्याही सक्तीसाठी रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. वाद मात्र आपल्या घराघरात राहिला.

पुढे कायदे बदलले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, आज ते अठरा आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क मिळाला. पण चौदानंतरची फी कुणाची आधी भरायची, हे कायदा सांगत नाही. ते आपण ठरवतो, आपल्या बैठकीत.

मैत्रिणींनो, पैसा तेव्हाही थोडा होता, आजही थोडाच आहे. म्हणून एक काम करा. गटाची कर्जवही उघडा. मागच्या तीन वर्षांत मुलांच्या शिक्षणासाठी किती कर्ज दिलं आणि मुलींसाठी किती, हे दोन आकडे काढा आणि बैठकीत मोठ्याने वाचा. त्या ताईचा दुसरा अर्ज मी पुढच्या बैठकीत पुन्हा ठेवणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.