चरख्याच्या आधीचे हात

१९३१च्या काँग्रेसच्या झेंड्यावर मधोमध चरखा होता. २२ जुलै १९४७ला घटना समितीनं त्या जागी अशोकचक्र घेतलं. पण सूत निघायच्या आधी ज्या हातांनी कापूस साफ केला, ते हात कुठल्याच झेंड्यावर आले नाहीत. पुस्तकातही नाहीत.

मित्रांनो, बोंडातला कापूस थेट चातीवर चढत नाही. आधी सरकी काढावी लागते. सपाट दगडावर कापूस ठेवायचा, वर लोखंडी रूळ फिरवायचा. पुढं दोन रुळांची हातचरकी आली. बायका दिवसभर दांडा फिरवीत. तीन शेर कापसातून रुई निघायची जेमतेम शेरभर, बाकी सरकी.

मग यायचा पिंजारी. नदाफ या शब्दाचा अर्थच पिंजणारा. धनुकलीला आतड्याची ताणलेली तात, तिच्यावर लाकडी ठोके. तात थरथरली की रुई फुलते, कचरा खाली गळतो, अन् धूळ पिंजणाऱ्याच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात, हे आता वैद्यकशास्त्र सांगतं. फुललेल्या रुईचे पेळू वळले की मग चरखा.

हे काम जुनं आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत सरकी काढायचा रूळ अभ्यासकांनी ओळखला आहे. बुद्धाच्या लेण्यात राजांच्या शेजारी या कष्टालाही भिंत मिळाली.

यंत्र आल्यावर हात सुटले का? अमेरिकेत बघा. १७९४ला एली व्हिटनीनं सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. साफ करणं सोपं झालं, म्हणून लागवड फोफावली. लागवडीला गुलाम लागले. १७९०ला तिथं सुमारे सात लाख गुलाम होते, १८६०ला जवळपास चाळीस लाख. त्यांच्याच वंशजांनी १९६६ला ब्लॅक पँथर उभी केली. तिच्यावरून १९७२ला आपली दलित पँथर.

म्हणून यंत्र फोडायचं अन् चरखा पुजायचा का? नाही. बाबासाहेबांनी १९४५लाच गांधीवादाला उत्तर दिलंय : दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. बाईचा दांडा सुटला हे चांगलंच झालं. सवाल एवढाच, की यंत्र कुणाच्या मालकीचं अन् धूळ कुणाच्या छातीत?

वस्तीत अजून कुणा म्हातारीला सरकी काढणं, पेळू वळणं आठवत असेल. तिच्याजवळ बसा. वही घेऊन बसा. आपला इतिहास दुसरा कुणी लिहून देणार नाही.